झील हेडफोनमध्ये आहे, फाइलमध्ये नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या टप्प्यावरील, म्हणजे तयार फाइल रेंडर करून काढतानाच्या अडचणींविषयी आहेत. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी रीपर हे सॉफ्टवेअर वापरले असल्यामुळे उत्तरांतील बटणांची नावे त्यातील दिली आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावे वेगळी असली, तरी तपासण्याचा क्रम तोच राहील.

प्रश्न : आमच्या शाहिरी पथकाचा बावीस मिनिटांचा पोवाडा आम्ही घरातल्याच एका खोलीत ध्वनिमुद्रित केला. शाहिरांचा आवाज, ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि तीन झीलकरी (मागून सुरात साथ, म्हणजे झील, गाणारे) असे ट्रॅक आहेत. झीलकऱ्यांचे तीन ट्रॅक एका फोल्डरमध्ये ठेवले आहेत. गाताना शाहिरांना झील मोठी ऐकू यावी म्हणून त्या फोल्डरला काहीतरी सेटिंग केले होते. पुढे मिक्स करताना झील फारच जोरात वाटली, म्हणून तिथली एक खूण काढली. आता सॉफ्टवेअरमध्ये सगळे व्यवस्थित ऐकू येते, पण रेंडर केलेल्या फाइलमध्ये झील अजिबात नाही. म्यूट (ट्रॅक बंद करणे) आणि सोलो (तो एकच ट्रॅक ऐकणे) तपासले, तीन वेळा रेंडर केले, तरी तेच. संगणक बदलावा लागेल का? स्क्रीनची चित्रे सोबत पाठवली आहेत.
— एक ढोलकीवादक, शिवाजी पेठ

उत्तर : संगणक बदलू नका, त्याचा यात काहीच दोष नाही. आपण पाठवलेल्या तिसऱ्या चित्रातच याचे कारण दिसते आहे.

कानापर्यंत येणारा आवाज आणि फाइलमध्ये लिहिला जाणारा आवाज एकाच वाटेने जातात, असे आपण सगळेच गृहीत धरतो. साध्या मांडणीत ते खरेही असते : प्रत्येक ट्रॅक मास्टरमध्ये येऊन मिळतो, मास्टरमधून आवाज इंटरफेसकडे (संगणकाला जोडलेल्या आवाजाच्या उपकरणाकडे) जातो आणि तेथून हेडफोनमध्ये. रेंडर करताना सॉफ्टवेअर जणू मास्टरच्या नाक्यावर उभे राहते आणि त्या नाक्यावरून जे जाईल तेवढेच फाइलमध्ये लिहून ठेवते. एखाद्या ट्रॅकला मास्टर टाळून थेट इंटरफेसकडे जाणारी आडवाट करून दिलेली असेल, तर तो कानांना ऐकू येत राहतो. पण नाक्यावरून तो गेलेलाच नसल्यामुळे फाइलमध्ये त्याची नोंद होत नाही.

तिसऱ्या चित्रात झिलीच्या फोल्डर ट्रॅकची रूटिंगची, म्हणजे आवाजाच्या वाटा ठरवण्याची, खिडकी उघडी आहे. तीत हार्डवेअर आउटपुटमध्ये १/२ ही जोडी लावलेली दिसते आणि ‘मास्टर सेंड’ची खूण काढलेली दिसते. शाहिरांसाठी आपण जे ‘काहीतरी सेटिंग’ केले, ते म्हणजे हे हार्डवेअर आउटपुट. ते लावल्याबरोबर झील दोन वाटांनी एकाच हेडफोनमध्ये येऊ लागली, एकदा मास्टरमधून आणि एकदा थेट. एकच आवाज तंतोतंत दोनदा मिसळला की त्याची पातळी ६ डेसिबलने वाढते, म्हणून शाहिरांना झील मोठी ऐकू आली आणि मिक्सच्या वेळी आपल्याला ती जोरात वाटली. दोनपैकी एक वाट बंद करायची हा आपला विचार बरोबरच होता. फक्त बंद झाली ती मास्टरची वाट आणि उघडी राहिली ती आडवाट. झील पुन्हा पूर्वीइतकीच झाली, त्यामुळे काही बिघडले आहे अशी शंका येण्याचे कारणच उरले नाही.

याची खात्री आपण स्वतः अर्ध्या मिनिटात करून घेऊ शकता. पोवाडा सुरू करा आणि मास्टरचा फेडर (पातळीची सरकपट्टी) हळूहळू अगदी तळाशी ओढा. शाहीर, ढोलकी, हलगी, तुणतुणे सगळे शांत होईल आणि मागे एकटी झील गात राहील. मी ही तपासणी नव्या मुलांना मुद्दाम करून दाखवतो, कारण रूटिंगवर तासभर बोलून जे समजत नाही, ते रिकाम्या खोलीत एकट्या राहिलेल्या झिलीतून लगेच समजते. दुसरी खूण मीटरची : झिलीचा फोल्डर सोलो करा, आवाज ऐकू येत असूनही मास्टरचा मीटर हलत नसेल, तर तो आवाज फाइलमध्ये जाणार नाही हे नक्की समजा.

उपाय एवढाच की झिलीच्या फोल्डरवरील हार्डवेअर आउटपुट काढून टाका आणि ‘मास्टर सेंड’ची खूण पुन्हा करा. झिलीची पातळी मात्र त्यानंतर एकदा नव्याने ऐकून ठरवा. आडवाटेने येणारी झील मास्टरवरील कॉम्प्रेसर आणि लिमिटर या जोराचे आवाज दाबणाऱ्या साधनांच्या हाताखालून जात नव्हती, आता ती जाईल, त्यामुळे जोरकस ओळींवर ती थोडी दबलेली वाटण्याचा संभव आहे.

पुढच्या वेळी गाणाऱ्याला एखादा आवाज मोठा द्यायचा असेल, तर इंटरफेसला चार आउटपुट असल्यास ३/४ वर वेगळा हेडफोन लावा, तेथे हार्डवेअर आउटपुट जोडा आणि मास्टर सेंडला हात लावू नका. दोनच आउटपुट असतील, तर मुद्रणापुरता त्या ट्रॅकचा फेडर वर घ्यावा आणि नंतर खाली आणावा हेच सरळ.

आपण म्यूट आणि सोलो तपासले हे योग्यच केले, पण त्यांचा परिणाम ऐकण्यावर आणि रेंडरवर सारखाच होतो. त्यामुळे जे ऐकू येते पण फाइलमध्ये येत नाही, त्यामागे ती दोन बटणे बहुधा नसतात. अशा वेळी रूटिंगनंतर रेंडरच्या खिडकीत वर दिलेला ‘सोर्स’ पाहावा. तेथे ‘मास्टर मिक्स’च्या जागी निवडलेल्या ट्रॅकचा पर्याय राहून गेलेला असेल, तर निवडलेले ट्रॅक तेवढेच बाहेर येतात. आणि गहाळ होणारा आवाज ध्वनिमुद्रित नसून प्लगइनमधून (सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून) वाजणाऱ्या तानपुऱ्याचा किंवा तबल्याचा असेल, तर रेंडरचा वेग ‘ऑनलाइन’ करून पाहावा, म्हणजे फाइल गाण्याच्या चालीनेच तयार होते. काही प्लगइन आपले नमुने डिस्कवरून वाजता वाजता उचलतात आणि झपाट्याने चाललेल्या रेंडरमध्ये त्यांचे काही ठोके गळतात.

प्रश्न : आमच्या भूपाळीच्या शेवटी घंटेचा नाद लांबत जातो, पण फाइलमध्ये तो मध्येच कापल्यासारखा थांबतो.
— एक वाचक, गंगावेश

उत्तर : ‘संपूर्ण प्रोजेक्ट’ असे निवडल्यावर रेंडर शेवटच्या ध्वनिखंडाच्या टोकाला थांबते, आणि रिव्हर्बचा (आवाज घुमवणाऱ्या प्लगइनचा) नाद त्या टोकानंतरही चालू असतो. रेंडरच्या खिडकीतील ‘टेल’ची खूण करून तेथे ५००० मिलिसेकंद, म्हणजे ५ सेकंद द्या. घंटेसाठी तेवढे पुरतील. न पुरल्यास वाढवा.

प्रश्न : हलगीला एक माइक पुढून आणि एक मागून लावला होता. एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे ठेवला आहे. हेडफोनवर हलगी अंगावर येते, पण तीच फाइल मंडळाच्या कर्ण्यावर आणि माझ्या साध्या फोनवर लावली की घुमारा जातो आणि नुसती टणटण उरते. रेंडरमध्ये काही गमावले जाते का?
— एक हलगीवादक, मंगळवार पेठ

उत्तर : रेंडरमध्ये काही गमावले जात नाही, फाइलमध्ये दोन्ही बाजू शाबूत आहेत. त्या दोन बाजू एकत्र केल्या जातात तेथे घुमारा जातो. कर्णा मोनो असतो आणि एकच स्पीकर असलेला फोनही डावे-उजवे मिसळूनच वाजवतो. हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला एकेकच माइक ऐकू येतो, त्यामुळे त्या दोघांचे आपसातील भांडण तेथे कळत नाही.

हे भांडण हलगीच्या घडणीतूनच येते. हलगीला कातडे एकाच बाजूला असते आणि मागची बाजू उघडी असते. पुढून काठी बसली की कातडे आत, म्हणजे पुढच्या माइकपासून दूर जाते आणि त्याच क्षणी मागच्या माइकच्या दिशेने सरकते. एका माइकला हवा ओढली गेल्याचे कळते, तर दुसऱ्याला ढकलली गेल्याचे. आपल्या प्रोजेक्टमध्ये हलगीचा पहिला सुटा ठोका घ्या आणि दोन्ही ट्रॅक इतके मोठे करा की एकच ठोका स्क्रीनभर दिसेल. एका ट्रॅकमध्ये लहरीचे पहिले टोक खाली गेलेले आणि दुसऱ्यात वर आलेले दिसेल. अशा दोन लहरी एकत्र आल्या की खालचे, जाड स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि काठीची वरची टणटण तेवढी वाचते. आपण वर्णन केले आहे ते नेमके हेच.

मागच्या माइकच्या ट्रॅकवर गोलावर तिरकी रेघ असलेले, फेज उलटण्याचे (लहर वरची खाली करण्याचे) बटण असते ते दाबा. बहुतेक घुमारा तेवढ्याने परत येईल. हे ऐकून ठरवण्यासाठी मास्टर मोनो करा आणि एकच स्पीकर लावा. स्टीरिओ हेडफोनवर हा फरक नीट कळणार नाही. तपासणी झाली की मास्टरचे मोनो बटण आठवणीने पुन्हा बंद करा.

एवढे करूनही हलगी जराशी पोकळ वाटली, तर दोन माइकच्या अंतरातील फरक पाहावा लागेल. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला साधारण १ मिलिसेकंद. पुढचा माइक वीतभर अंतरावर आणि मागचा दीड हातावर असेल, तर एवढा फरक सहज पडतो. दोन माइकची पातळी जवळपास सारखी असेल, तर १ मिलिसेकंदाच्या फरकाने ५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मिसळताना नाहीसा होतो, आणि हलगीचे अंग त्याच भागात आहे. यासाठी मागच्या ट्रॅकचा ध्वनिखंड तेवढा अलीकडे सरकवावा. ४८००० च्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाची ४८००० मापे, म्हणजे सॅम्पल, घेतली जात असताना) १ मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल. लहरींची पहिली टोके डोळ्यांनी जुळवा आणि मग डोळे मिटून ऐका. माझे स्वतःचे मत विचाराल, तर एकट्या हलगीला पुढचा एक चांगला माइक पुरतो. दुसरा लावायचाच असेल तर तो घुमक्याला लावावा. हलगी, घुमके आणि कैताळ यांच्या खेळात खालचा आवाज धरण्याचे काम मुळी घुमक्याचेच आहे.

प्रश्न : आमच्या भजनाचे मुद्रण डिजिटल मिक्सर यूएसबीने लॅपटॉपला जोडून केले. भजन काळी चारमध्ये होते. फाइल लावून पेटी घेऊन बसलो, तर सूर ना पांढरी पाचला जुळतो ना काळी तीनला. शिवाय तासाभराचे भजन पाच मिनिटांनी वाढले आहे.
— एक पेटीवादक, कसबा बावडा

उत्तर : ‘पाच मिनिटांनी वाढले’ हे आपण लिहिले म्हणून निदान सोपे झाले. मिक्सर सेकंदाला ४८००० सॅम्पल देत होता आणि लॅपटॉपने फाइलवर ४४१०० अशी चिठ्ठी लावली. आता वाजवणारे सॉफ्टवेअर त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून सेकंदाला ४४१०० सॅम्पलच वाजवते. त्यामुळे ६० मिनिटांचे भजन सुमारे ६५ मिनिटे १८ सेकंद चालते आणि सूर जवळजवळ दीड पट्टीने खाली उतरतो. काळी चारपासून एक पट्टी उतरले की पांढरी पाच आणि दोन उतरले की काळी तीन. आपले भजन बरोबर त्या दोघींच्या मध्ये येऊन बसले आहे.

आवाजाची काही हानी झालेली नाही. ध्वनिखंडाच्या प्रॉपर्टीजमध्ये प्लेबॅक रेट १.०८८४३५ करा आणि ‘प्रिझर्व्ह पिच’ची खूण काढा. ती खूण तशीच राहिली, तर वेळ बरोबर होईल पण सूर उतरलेलाच राहील. त्यानंतर काळी चार दाबून पाहा. यापुढे मिक्सर आणि प्रोजेक्ट यांचा सॅम्पल रेट मुद्रणापूर्वी एकच आहे का, हे पेटीचा सूर लावण्याइतक्याच अगत्याने पाहावे.

प्रश्न : एका संगीत नाटकाची गाणी मी घरी मुद्रित केली आणि मिक्ससाठी पुण्याला स्टेम (एकेका ट्रॅकच्या स्वतंत्र फाइली) पाठवले. तिकडून कळवले की आवाज कोरडे आहेत, कोरस दुप्पट जोरात आहे, बासरी चुकीच्या जागी सुरू होते आणि सगळे एकत्र केल्यावर माझ्या नमुना फाइलसारखे वाजत नाही. मी तर प्रत्येक ट्रॅक निवडून रेंडर केला होता.
— एक संगीत संयोजक, राजारामपुरी

उत्तर : प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली याच कोल्हापुरात बोलपट केला, तेव्हा पार्श्वगायन आलेले नव्हते; नट कॅमेऱ्यासमोर गात असे, वादक चौकटीबाहेरून साथ करीत आणि सगळ्यांचा आवाज एकत्रच, एकदाच मुद्रित होत असे. नंतर कोणाला काही वेगळे काढता येत नसे. आज वेगळे काढता येते ही मोठी सोय आहे, पण वेगळे काढलेले पुन्हा जोडले की मूळ गाणे मिळालेच पाहिजे. आपल्या चारही तक्रारी या जोडणीच्याच आहेत.

आवाज कोरडे आहेत, कारण रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर आहे आणि आवाजांचे ट्रॅक तेथे सेंड करतात. स्टेम काढताना सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रॅकच्या तोंडाशी जे येईल ते लिहिते; गायिकेच्या ट्रॅकवरून रिव्हर्बकडे गेलेला भाग रिव्हर्बच्या ट्रॅकवरच उमटतो. रिव्हर्बचा ट्रॅकही निवडा आणि त्याची स्वतंत्र फाइल पाठवा. मिक्स करणाऱ्यांना ती नको असेल तर ते बाजूला ठेवतील, पण आपल्याला कोणता अवकाश अभिप्रेत होता हे त्यांना कळेल.

कोरस दुप्पट होण्याचे कारण ‘प्रत्येक ट्रॅक निवडून’ या आपल्या शब्दांतच आहे. आपण कोरसचा फोल्डर निवडलात आणि त्याच्या पोटातील गायकांचे ट्रॅकही निवडलेत. फोल्डरच्या फाइलमध्ये ते गायक आधीच एकत्र आलेले असतात, त्यामुळे सगळ्या फाइली जोडल्यावर प्रत्येक गायक दोनदा वाजतो. फोल्डर तरी पाठवा किंवा पोटातील ट्रॅक तरी. मी पोटातील ट्रॅक पाठवीन. मात्र फोल्डरवर काही प्लगइन असतील, तर ते त्या फाइलींत येणार नाहीत हे सोबत लिहून कळवीन.

बासरी सरकली ती बहुधा मूळ ध्वनिखंडच उचलून पाठवल्यामुळे किंवा एमपी३ काढल्यामुळे. बासरी पहिल्या अंतऱ्याला येत असली, तरी तिची फाइल गाण्याच्या आरंभापासूनच सुरू झाली पाहिजे, भले पहिले सव्वा मिनिट शांतता असो. सगळ्या स्टेमसाठी ‘संपूर्ण प्रोजेक्ट’ ही एकच मर्यादा ठेवली की हे आपोआप होते. एमपी३ तयार होताना फाइलच्या आरंभी थोडी शांतता जोडली जाते, म्हणून स्टेमसाठी तो प्रकार वापरूच नये. २४ बिटची वेव्ह काढावी आणि सॅम्पल रेट प्रोजेक्टचाच ठेवावा. ४८००० च्या स्टीरिओ फाइलला मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट भरतील, ते भरू द्यावेत.

नमुना फाइलसारखे वाजत नाही, ते मास्टरवरील लिमिटरमुळे. तो सगळ्यांना एकत्र ऐकून दाबतो, आणि स्टेममध्ये तो येत नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी अशी पारख करावी : मास्टरवरील सगळे प्लगइन बंद करून पूर्ण गाण्याची एक फाइल काढा, नव्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये ती आणि सगळे स्टेम एका रेषेत मांडा, फेडरना हात न लावता पूर्ण गाण्याच्या ट्रॅकचा फेज उलटा आणि वाजवा. सगळे बरोबर असेल तर काहीच ऐकू येणार नाही. कोरस ऐकू आला तर कोरस दोनदा गेला आहे किंवा राहून गेला आहे, बासरी ऐकू आली तर ती सरकली आहे. जे चुकले तेच नेमके वाजते. डोलणारे किंवा दर वेळी थोडे वेगळे वाजणारे इफेक्ट असतील, तर त्यांची पुसट सावली उरते, तिची काळजी करू नये. या कामाला दहा मिनिटे लागतात, आणि पुण्याहून फोन येण्याआधी ती आपणच दिलेली बरी.

प्रश्न : अंबाबाईच्या नवरात्रावरील माहितीपटासाठी निवेदन सुरू झाले की सनई आपोआप खाली जावी असे केले आहे. ते उत्तम चालते. पण सनईची स्वतंत्र फाइल मागितली गेली तेव्हा तिच्यात मागे निवेदनही ऐकू येते, आणि संकलकांनी सांगितले की फाइलमध्ये चार चॅनल आहेत.
— एक वाचक, महाद्वार रोड

उत्तर : सनईच्या ट्रॅकवरील कॉम्प्रेसरला निवेदन कधी सुरू होते हे कळावे म्हणून आपण निवेदन त्या ट्रॅकच्या ३/४ या चॅनलवर पाठवले आहे, आणि ते बरोबर आहे. कॉम्प्रेसर ३/४ चा उपयोग केवळ ऐकण्यासाठी करतो, पण ते चॅनल ट्रॅकवरून पुढे तसेच वाहत राहतात. नेहमीच्या मांडणीत ट्रॅकचे १/२ तेवढे मास्टरमध्ये जातात, म्हणून पूर्ण मिक्समध्ये हे कधी जाणवले नाही. सनईची फाइल काढताना मात्र ‘मल्टिचॅनल ट्रॅक टू मल्टिचॅनल फाइल्स’ची खूण राहून गेली, त्यामुळे १/२ वर सनई आणि ३/४ वर निवेदन अशी चार चॅनलची फाइल झाली. ती वाजवणाऱ्याने चारही एकत्र केले की निवेदन ऐकू येणारच.

ती खूण काढा, चॅनल ‘स्टीरिओ’ ठेवा आणि पुन्हा रेंडर करा. सनई निवेदनाच्या जागी खाली गेलेलीच येईल, ते मागणाऱ्यांना चालणार आहे का हेही विचारून घ्या. संकलक सहसा सनई एका पातळीवर मागतात आणि खालीवर स्वतः करतात; तसे असेल तर कॉम्प्रेसर बंद करून दुसरी फाइल काढा आणि दोन्ही पाठवा.